मताचे मोल आणि वर्गणीचे गणित

घरबसल्या प्रश्नावल्या भरा आणि दरमहा काही हजार रुपये मिळवा, अशा आशयाचे निरोप आता प्रत्येक मोबाईलवर येऊन थडकत असतात. ठराविक वेतनात महिनाअखेर गाठणारा कारकून, तुटपुंज्या मानधनावर राबणारा विनाअनुदानित शाळेतील शिक्षक आणि स्पर्धा परीक्षेच्या निकालाकडे डोळे लावून बसलेला विद्यार्थी, या तिघांनाही त्याचा मोह पडावा यात नवल नाही. हा सारा व्यवहार म्हणजे निव्वळ लबाडी, असा सरसकट निवाडा देणारा एक पक्ष आहे. तर ‘अमक्याला पैसे मिळाले’ एवढ्या दाखल्यावर विसंबणारा दुसरा. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. पैसे मिळाले की नाही हा प्रश्न गौण असून, मिळालेला पैसा कोठून आला, हा मुख्य प्रश्न होय.

ग्राहकाच्या मताला बाजारात मोल आहे, हे प्रथम मान्य करावयास हवे. नवा साबण वा नवा चहा बाजारात आणण्यापूर्वी लोकांची आवड अजमावणे उत्पादकाला लाभदायक ठरते. चुकीच्या मालात कोट्यवधी रुपये अडकण्यापेक्षा काही लाख रुपये पाहणीवर खर्च करणे त्याला परवडते. पूर्वी हे काम दारोदार फिरणारे पाहणीदार करीत. इंटरनेट आल्यावर ते स्वस्त झाले आणि उत्तर देणाऱ्यास अल्पसा मोबदला देण्याची प्रथा रूढ झाली. हा व्यवहार कायदेशीर आहे आणि प्रामाणिकही असू शकतो.

मात्र हा मोबदला अल्पच का असतो, हेही समजून घेणे अगत्याचे आहे. हजार लोकांची उत्तरे हाती आल्यावर पुढच्या एका उत्तराने पाहणीच्या ज्ञानात पडणारी भर नगण्य असते. उलट उत्तर देण्यास तयार असणाऱ्यांची संख्या अमाप असते. ज्या वस्तूचा पुरवठा विपुल आणि सीमांत उपयोगिता अल्प, तिला भाव चढत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम येथेही लागू पडतो. शिवाय वय, उत्पन्न वा शहर यांच्या अटीत न बसणाऱ्यास दोन-चार प्रश्नांनंतर वगळले जाते, आणि गुणांची विशिष्ट संख्या भरल्याखेरीज पैसे हाती पडत नाहीत. तात्पर्य, प्रामाणिक पाहणीतून चहापाण्याचा खर्च निघेल. संसार चालणार नाही. जो संसार चालविण्याचे आश्वासन देतो, त्याच्याविषयी संशय तेथेच उत्पन्न व्हावयास हवा.

या संदर्भात ‘स्पीक एशिया’चे प्रकरण विसरता येण्याजोगे नाही. सिंगापूरमध्ये नोंदलेल्या या कंपनीने २०१० मध्ये भारतात आपला पसारा मांडला. वर्षाची वर्गणी ११,००० रुपये. त्याबदल्यात आठवड्याला दोन प्रश्नावल्या आणि प्रत्येकीस ५०० रुपये, अशी तिची योजना होती. नवा सभासद आणणाऱ्यास वेगळे बक्षीस मिळे. मे २०११ मध्ये वृत्तवाहिन्यांनी या व्यवहाराविषयी प्रश्न उपस्थित केले; ज्यांची नावे ग्राहक म्हणून पुढे केली जात होती, त्यांतील काही नामांकित कंपन्यांनी असा संबंध नाकारला; आणि लवकरच सभासदांचे पैसे अडकले. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला, अटका झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सभासदांची संख्या वीस लाखांच्या आसपास आणि गुंतलेली रक्कम दोन हजार कोटींहून अधिक असल्याचे त्या काळी सांगण्यात आले.

या योजनेचे अशक्यत्व जाणण्यास पोलिसी तपासाची आवश्यकता नव्हती. त्रैराशिक पुरेसे होते. एक लाख सभासदांची वर्गणी ११० कोटी रुपये होते, तर त्यांना वर्षभरात द्यावयाची रक्कम ५२० कोटी. जमा झालेला पैसा अकरा आठवड्यांत संपतो. उरलेले ४१० कोटी पाहणी करून घेणाऱ्या कंपन्यांकडून येत नसतील, तर ते नव्या सभासदांकडूनच यावे लागतात. त्यासाठी दर आठवड्यास अकरा जुन्यांमागे एक नवा, असा ओघ अखंड राहिला पाहिजे. बक्षिसे आणि चालकांचा नफा शून्य धरला, तरी या वेगाने एका लाखाचे वर्षाअखेर सुमारे ९२ लाख सभासद व्हावे लागतात. २०११ च्या जनगणनेतील पुणे शहराच्या लोकसंख्येच्या ही संख्या जवळजवळ तिप्पट भरते. ओघ आटताच इमारत कोसळणार, हे उघड आहे; शेवटी आलेल्यांच्या माथी तोटा पडणार, हेही तितकेच उघड आहे.

अशा योजनेत प्रारंभी आलेल्यांना पैसे खरोखरच मिळतात, आणि तेच तिचे प्रभावी प्रचारक ठरतात. शाळेच्या शिक्षकखोलीत सहकाऱ्याने दाखविलेले बँकेचे पासबुक कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक विश्वसनीय वाटते. परंतु त्या पासबुकात जमा झालेला आकडा म्हणजे कोणाच्या तरी मेहुण्याची वा माजी विद्यार्थ्याची वर्गणी असते. त्यामुळे योजना बुडते तेव्हा केवळ पैसा जात नाही. माणसामाणसांतील विश्वासही जातो, आणि त्याची भरपाई करणारे न्यायालय अस्तित्वात नाही.

आज या फसवणुकीने रूप पालटले आहे. व्हॉट्सॲप वा टेलिग्रामवर एखादे क्षुल्लक काम दिले जाते, शंभर-दीडशे रुपये तत्काळ जमा होतात, आणि विश्वास बसला की मोठ्या कामासाठी आगाऊ रक्कम मागितली जाते. ती परत हवी असेल तर आणखी भरा, असे चक्र सुरू होते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा अर्धवेळ कामाच्या नावाखाली चालणाऱ्या फसवणुकीशी संबंधित शंभरहून अधिक संकेतस्थळे बंद केली. परंतु एक दार बंद होताच दुसरे उघडते, असाच अनुभव आहे.

कायद्यांची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. पैसा फिरवत ठेवणाऱ्या योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. अनियंत्रित ठेव योजनांना २०१९ च्या कायद्याने प्रतिबंध केला. साखळी योजनांना २०२१ च्या थेट विक्री नियमांनी मनाई केली. उणीव आहे ती कारवाईच्या वेळेची. योजना फोफावत असता शासन स्वस्थ असते आणि ती कोसळल्यावर गुन्हा नोंदविला जातो. सभासदांकडून वर्गणी घेऊन त्यांनाच अधिक परतावा देऊ करणाऱ्या प्रत्येक संस्थेस आपल्या उत्पन्नाचे मूळ आरंभीच जाहीर करण्यास भाग पाडले, तर निम्मे अनर्थ टळतील. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदविणे इष्ट. कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात जाण्यास आता काही मिनिटेच पुरतात.

तोपर्यंत सामान्य माणसास एकच कसोटी पुरेशी आहे. काम करणाऱ्याने मजुरी घ्यावयाची असते, द्यावयाची नसते. ज्याला खरोखर मत हवे आहे, तो मत देणाऱ्याकडून शुल्क मागत नाही. आधार क्रमांक, बँकेचा तपशील वा ओटीपी मागण्याचेही त्यास प्रयोजन नसते. मोबदल्यापूर्वी पैसे मागितले गेले, की तेथे विकली जाणारी वस्तू मत नसून मत देणाऱ्याची गरज आहे, असे निःशंक समजावे.