जवानाची कहाणी, त्याच्याच आवाजात

माजी सैनिकांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ऐकून ध्वनिमुद्रित करणे हा मौखिक इतिहासाचा भाग आहे. हे काम शाळा-महाविद्यालयांतील मुलांना जमण्यासारखे आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यात त्यासाठी माणसांची वाण नाही. नगर शहरात आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल आणि यांत्रिकी पायदळाचे केंद्र आहे. १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालयही इथलेच. पण रणगाडा जपला म्हणजे तो चालवणाऱ्याची कहाणी जपली गेली, असे होत नाही.

सरकारी कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे जिल्ह्यातीलच एका नावावरून कळते. संगमनेर तालुक्यातील निमज गावचे नामदेव जाधव मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीच्या काठावर त्यांच्या तुकडीतील जवळजवळ सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. कंपनीचे निरोप पोचवणाऱ्या जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून एकामागून एक सुखरूप आणले. मग परत फिरून मशिनगनची तीन ठाणी एकट्याने मोडली. हाताला जखम झाल्याने बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब वापरले. शेवटी बंधाऱ्यावर चढून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना दिली आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या वेळी ते तेवीस वर्षांचे होते.

पदकाच्या नोंदीत हे सगळे आहे, पण ती नोंद त्या एका दिवसाची. निमजहून भरतीला जाताना घरी कोण काय म्हणाले, बोटीवर काय खाल्ले, परत आल्यावर शेती होती का, रात्री झोप लागायची का, हे गॅझेट विचारत नाही. नामदेव जाधव १९८४ पर्यंत हयात होते आणि कॅसेटचे टेपरेकॉर्डर तोवर महाराष्ट्रात ठिकठिकाणी वाजत होते.

भारतीय शिपायांचे फार जुने आवाज मात्र जर्मनीत सापडतात. पहिल्या महायुद्धात बर्लिनजवळच्या वुन्सडॉर्फ येथील युद्धकैदी छावणीत जर्मन अभ्यासकांनी कैद्यांचे बोलणे मुद्रित केले. पंजाबचे मालसिंग यांचा १९१६ सालचा आवाज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात आजही ऐकता येतो. त्या अभ्यासकांना रस होता तो भाषेच्या उच्चारात, माणसाच्या आयुष्यात नव्हे. तरीही शंभर वर्षांनी घरच्या ओढीने बोलणारा शिपाई त्यातून ऐकू येतो.

अमेरिकेने हे काम राष्ट्रीय पातळीवर नेले. तेथील संसदेने २००० साली केलेल्या कायद्यानुसार लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये माजी सैनिकांच्या कथनांचा संग्रह सुरू झाला आणि त्यात आता लाखाहून अधिक सैनिकांचे साहित्य आहे. दहावी व त्यापुढचे विद्यार्थी मुलाखती घेऊ शकतात. मुलाखत किमान अर्ध्या तासाची असावी, हा साधा नियम.

आपल्याकडे शिक्षण आणि संरक्षण मंत्रालयाने २०२१ साली ‘वीर गाथा’ हा उपक्रम सुरू केला. पहिल्याच वर्षी त्यात सुमारे आठ लाख विद्यार्थी होते. तिसरी ते बारावीची मुले शौर्यपदक विजेत्यांवर निबंध, कविता, चित्रे करतात. उपक्रम चांगलाच आहे, पण त्याचा भर पदकविजेत्यांवर, म्हणजे ज्यांच्याबद्दल आधीच लिहिले गेले आहे अशांवर आहे. पदक न मिळालेला हवालदार, ट्रक चालवणारा, लंगर सांभाळणारा, सिग्नलवाला यांची नोंद त्यातून होत नाही. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी लष्करात ट्रक चालवला आणि १९६५च्या युद्धात ते खेमकरण आघाडीवर होते, हे सर्वांना ठाऊक आहे. कारण पुढे ते सार्वजनिक जीवनात आले. त्यांच्यासारखेच ट्रक चालवून गावी परतलेल्यांची गोष्ट घराच्या ओसरीपलीकडे गेलेली नसते.

मुलाखतीची तयारी घरातल्या ट्रंकेपासून करावी. डिस्चार्ज बुकात पलटण, भरतीची व निवृत्तीची तारीख, हुद्दे सापडतात. पदकेही बोलतात: ‘समर सेवा स्टार’ १९६५च्या युद्धाचा, १९७१साठी पूर्व आघाडीवर ‘पूर्वी स्टार’ आणि पश्चिमेला ‘पश्चिमी स्टार’. पदकाच्या कडेवर बहुधा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. जुन्या पत्रांवर ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ एवढाच पत्ता दिसतो. जवान नेमका कुठे आहे, हे त्यावरून घरच्यांना कळत नसे.

प्रश्न युद्धापासून सुरू करू नयेत. ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ हा मुलांच्या तोंडी येणारा पहिला प्रश्न सर्वांत वाईट. भरतीच्या मैदानापासून, पहिल्या पगारापासून, नव्या मुलखातल्या थंडीपासून सुरुवात केली तर माणूस आपोआप खुलतो. नगरसाठी एक प्रश्न खास आहे. १९७१चे युद्ध संपते न संपते तोच १९७२चा दुष्काळ आला आणि या जिल्ह्याला त्याची मोठी झळ बसली. सीमेवरच्या जवानाची मनिऑर्डर त्या वर्षी घरी कशी पुरली, गुरे ठेवली की विकली, हे विचारल्यास युद्ध आणि गाव एकाच कहाणीत येतात. त्याचे उत्तर अनेकदा सैनिकापेक्षा त्याची पत्नी नीट देते. म्हणून मुलाखत दोघांची घ्यावी. वीरपत्नी आणि वीरमातांची वेगळी घ्यावी.

बोलता बोलता आजोबा थांबले तर थांबू द्यावे. मुद्रण बंद करण्याचा हक्क त्यांचाच. ठाणी, शस्त्रे, नेमणुका यांचे गोपनीय तपशील विचारू नयेत, कारण निवृत्तीनंतरही शासकीय गुपिते कायदा लागू राहतो. मुलाखत कुठे ठेवायची आणि कुणाला ऐकू द्यायची, याची लेखी संमती आधी घ्यावी.

तंत्र अवघड नाही. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकावा, पंखा बंद करावा. सुरुवातीला तारीख, गाव, दोघांची नावे मोठ्याने बोलावीत. नंतर लिहून काढताना फौजी हिंदी आणि नगरी मराठी यांची सरमिसळ जशीच्या तशी ठेवावी. प्रमाण भाषेत ‘सुधारलेली’ मुलाखत निम्मी मेलेली असते. सन किंवा ठिकाण चुकलेले आढळले तर मूळ शब्द न बदलता तळटीप द्यावी. स्मृती चुकते, पण ती कशी चुकते हेही अभ्यासकाला हवे असते.

यानंतरचा टप्पा बहुतेक ठिकाणी राहून जातो. फाइल शिक्षकांच्या मोबाइलमध्ये राहते आणि मोबाइल बदलला की जाते. त्यामुळे निदान तीन प्रती कराव्यात: एक शाळेत किंवा महाविद्यालयात, एक एखाद्या ग्रंथालयात वा वस्तुसंग्रहालयात आणि एक सैनिकाच्या घरी. नगरचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय १९६० पासून जुनी कागदपत्रे सांभाळत आले आहे; अशा संस्थेशी काम सुरू होण्यापूर्वीच बोलणे बरे. गावात माजी सैनिक कोण, हे ग्रामपंचायतीत विचारावे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी. १९६२ आणि १९६५ची युद्धे पाहिलेले आता ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत. यादी वयानुसार लावावी आणि सर्वांत वडील माणसाकडे आधी जावे.