कपाटातले करार

आमच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध कक्ष निघाला तेव्हा सर्वांत आधी झेंडे आले. टेबलावर ठेवायचे, पितळी दांडीचे. मग काचेचं कपाट आलं आणि त्यात मरून रेक्झिनच्या फायलींमध्ये सामंजस्य करार रचले जाऊ लागले. मूल्यांकन समिती आली की कपाट उघडायचं, करार मोजून दाखवायचे, चहा व्हायचा, कपाट बंद. त्यातल्याच एका करारावर आमच्या प्रॉडक्शन शाखेचा एक मुलगा एक सत्र जर्मनीला जाऊन आला. आला तेव्हा गडी खुशीत होता. महिन्याभराने परीक्षा विभागाने त्याला कळवलं की तिकडे शिकलेल्या विषयांची नावं आपल्या अभ्यासक्रमाशी जुळत नाहीत, सबब सहावं सत्र पुन्हा करावं लागेल. बरोबरीची मुलं कॅम्पस मुलाखतींसाठी टाय बांधायला शिकत होती आणि हा ज्युनिअर मुलांबरोबर पहिल्या बाकावर. 'सर, जग बघून आलो आणि वर्ष घालवून बसलो,' असं तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नव्हे, हसत. म्हणूनच ते जास्त लागलं.

विद्यापीठं 'आंतरराष्ट्रीय' होण्याच्या गप्पा मी तेव्हापासून परीक्षा विभागाच्या खिडकीतून ऐकतो. त्यातही रोजगारासाठी शिकवणाऱ्या विद्यापीठांच्या. संशोधन करणाऱ्या मोठ्या विद्यापीठाला परदेश आपोआप भेटतो. शोधनिबंध, परिषदा, पाहुणे प्राध्यापक ही त्याची रोजची ये-जा असते. पण ज्या संस्थेचं काम मुलाला तीन-चार वर्षांत एखाद्या धंद्यात उभं करणं हे आहे, तिचं सगळं जग पंचवीस किलोमीटरच्या परिघात असतं. कारखाने, रुग्णालयं, हॉटेलं, बँका. तिने बाहेर जायचं ते कशाच्या जोरावर?

याचं मला पटलेलं उत्तर जर्मनीतल्या एका गावात सापडतं. श्टुटगार्टच्या दक्षिणेला रॉइटलिंगेन आहे. तिथलं आजचं विद्यापीठ १८५५ साली विणकामाची शाळा म्हणून सुरू झालं, कारण गाव कापडाचं होतं. १९६८ च्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीतल्या राज्यांनी करार करून 'फाखहोखशूले' नावाचा उच्चशिक्षणाचा वेगळा प्रकार जन्माला घातला. जुन्या इंजिनिअरिंग शाळा, विणकाम शाळा, व्यापार शाळा पुढच्या काही वर्षांत त्यात सामावल्या. आज या संस्था स्वतःला 'उपयोजित शास्त्रांची विद्यापीठं' म्हणवून घेतात. इथे प्राध्यापक व्हायचं तर पीएच. डी. सहसा लागतेच, पण तेवढी पुरत नाही. साधारण नियम असा की पाच वर्षं व्यवसायात काढलेली हवीत, आणि त्यातली तीन तरी विद्यापीठाच्या बाहेर. शिकवायचे तास आठवड्याला अठरा, म्हणजे संशोधन विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या दुप्पट. सबंध एक सत्र मुलगा कंपनीत असतो. त्याला 'प्राक्सिस सेमेस्टर' म्हणतात. पदवीचा प्रबंधही बहुतेक वेळा कंपनीच्या खऱ्या अडचणीवर असतो.

म्हणजे मुळात अगदी स्थानिक संस्था. पण त्या भागातले कारखाने यंत्रं बनवणारे, आणि त्यांची गिऱ्हाइकं जगभर. कारखानदाराला असा माणूस हवा होता जो फ्रान्समधल्या गिऱ्हाइकाशी किमतीवरून त्याच्याच भाषेत हुज्जत घालू शकेल. रॉइटलिंगेनने १९७९ मध्ये व्यवसाय व्यवस्थापनाचा दुहेरी पदवीचा अभ्यासक्रम काढला. दोन वर्षं इथे, दोन वर्षं भागीदार संस्थेत, फ्रान्समध्ये नाहीतर इंग्लंडमध्ये, आणि शेवटी दोन्हीकडच्या पदव्या. साल पाहा. युरोपात विद्यार्थी देवाणघेवाणीची 'इरॅस्मस' योजना आली १९८७ मध्ये. पदव्यांचा साचा एकसारखा करणारा बोलोन्या जाहीरनामा १९९९ चा. सरकारी योजनेची वाट न बघता एका गावच्या शाळेने आठ वर्षं आधी हे करून दाखवलं, कारण तिच्या दाराशी उभ्या असलेल्या धंद्याला त्याची गरज होती. आमच्याकडे उलटं झालं. आधी करार झाला, आणि मग त्याचा उपयोग काय करायचा याचा शोध सुरू झाला.

या संस्थांचं सगळंच आलबेल आहे असं मात्र नाही. तिथली बरीच मुलं घरातली विद्यापीठात जाणारी पहिलीच पिढी, शिकताना नोकरी करणारी. एक सत्र परदेशी जायचं म्हणजे हातची नोकरी आणि भाड्याची खोली सोडायची. त्यामुळे परदेशी जाण्यात ती मागे राहतात. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेला, म्हणजे 'डाड'ला, खास याच विद्यापीठांसाठी २०१९ मध्ये वेगळी योजना काढावी लागली. आपल्याकडे एसटीच्या पासावर कॉलेजला येणाऱ्या मुलाला 'ग्लोबल एक्स्पोजर'चं पोस्टर दाखवताना हे आठवलेलं बरं.

जाणारे जातील, पण न जाणाऱ्यांचं काय? हा प्रश्न नीट विचारला गेला स्वीडनमधल्या माल्मो शहरात. कोकुम्स कंपनीचा जहाजबांधणीचा कारखाना हा त्या शहराचा जीव होता. गिरण्या गेल्यावर गिरणगावाचं जे झालं, ते कारखाना आटल्यावर माल्मोचं झालं. कारखान्याची दीड हजार टन उचलणारी प्रचंड क्रेन २००२ साली एका डॉलरला दक्षिण कोरियाच्या ह्युंदाईला विकली गेली. तुकडे करून उल्सानला नेताना लोक धक्क्यावर उभे राहून रडले, आणि कोरियातही तिचं नाव 'माल्मोचे अश्रू' असंच पडलं. त्याच बंदराच्या भागात १९९८ मध्ये नवं कॉलेज निघालं होतं. शिक्षक, परिचारिका, दंतवैद्य, अभियंते घडवणारं. परदेशी संबंधांची जबाबदारी होती बेंग्ट निल्सन यांच्याकडे. नव्या कॉलेजशी करार कोण करणार? कपाट रिकामं. पण शहर तर जगभरातून आलेल्या स्थलांतरितांनी भरलेलं. निल्सन यांनी १९९९ मध्ये कल्पना मांडली ती 'घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण' अशी. दहा टक्के मुलं परदेशी पाठवण्याचं उद्दिष्ट ठेवता, मग उरलेल्या नव्वद टक्क्यांच्या अभ्यासक्रमात जग कसं येणार, हा त्यांचा सवाल. उद्याच्या शिक्षिकेला आणि परिचारिकेला अरबी किंवा बोस्नियन बोलणाऱ्या कुटुंबाशी रोज काम करायचंय, तर तिचं परदेश तीन बसथांब्यांवर आहे. त्या कॉलेजला पूर्ण विद्यापीठाचा दर्जा २०१८ मध्ये मिळाला.

मला ही कल्पना आपल्यासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वाटते. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीझचे कारखाने आहेत. टेल्कोचा डायम्लरशी करार १९५४ चा. भोसरीच्या गाळ्यात बसलेला टूलरूमवाला जर्मन ड्रॉइंग वाचून जिग बनवतो, टॉलरन्सवरून ई-मेलवर वाद घालतो, आणि आमच्या वर्गात मात्र तेच ड्रॉइंग 'अभ्यासक्रमाबाहेर'. वर्गाला आंतरराष्ट्रीय करायला विमान लागत नाही. त्या गाळ्यातल्या माणसाला दोन तास बोलवावं लागतं आणि त्याचं मानधन लेखा विभागातून पास करून घ्यावं लागतं. दुसरी गोष्ट कठीण आहे, हे मान्य.

आता येणाऱ्यांकडे वळू. भारतात शिकणारे परदेशी विद्यार्थी २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत ४६,८७८ होते, आणि त्यात नेपाळचे अठ्ठावीस टक्के. उलट बाहेर शिकायला गेलेले भारतीय २०२४ मध्ये तेरा लाखांच्या वर. परदेशी मुलांच्या बाबतीत पुण्याचा लौकिक मोठा, आणि त्याचा एक उगम फर्ग्युसनच्या वसतिगृहात आहे. तिथे रेक्टर असलेले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार यांनी पाहिलं की कावीळ झालेल्या मॉरिशसच्या मुलाला एक मुलगी खिडकीतून जेवण देतेय. परक्या देशात आजारी पडलेल्या पोराचं बघणारं कोणी नाही, या जाणिवेतून १९७१ मध्ये सिंबायोसिस संस्था उभी राहिली. आधी आपुलकी आली, अभ्यासक्रम नंतर आले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण परदेशी मुलाला पुण्यात प्राध्यापक सहज भेटतात, घरमालक भेटत नाही. ज्याच्या घरी तो उतरतो त्याने चोवीस तासांच्या आत त्याची नोंद करणारा सरकारी फॉर्म भरायचा असतो, आणि पोलिसांचं नाव काढलं की निम्मे घरमालक तिथूनच रामराम ठोकतात. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात झेंड्यांऐवजी हा फॉर्म शांतपणे भरून देणारा एक कारकून बसला, तरी कक्षाचं सार्थक होईल.

धोरणांच्या बाजूने गेल्या काही वर्षांत दारं भराभर उघडली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ट्विनिंग, संयुक्त आणि दुहेरी पदव्यांचे नियम केले. २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांना इथे परिसर उघडण्याची मुभा दिली. जून २०२५ मध्ये मुंबईत ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइन संस्था आयईडी अशा पाच संस्थांना इरादापत्रं दिली गेली. नवी मुंबईत विमानतळाजवळ 'एज्युसिटी' करायची आहे. होऊ दे. पण २०२२ च्या नियमांतली एक मेख कोणी फारशी बोलून दाखवत नाही. वेगळ्या मंजुरीशिवाय सहकार्य करायचं तर परदेशी विद्यापीठ टाइम्स किंवा क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारांत हवं. या क्रमवाऱ्यांत वजन मुख्यतः संशोधनाला, शोधनिबंधांच्या उल्लेखांना. आठवड्याला अठरा तास शिकवणारा आणि कारखान्यातून आलेला प्राध्यापक तिथे गुण कुठून आणणार? म्हणजे कौशल्य शिकवणाऱ्या आपल्या विद्यापीठाला ज्याच्याकडून खरोखर शिकण्यासारखं आहे, तो भागीदार बहुधा यादीबाहेर; आणि यादीत जो आहे त्याला आपल्या टर्नर-फिटरच्या शिक्षणाशी काही देणंघेणं नाही. सोयरीक जुळवताना घराण्याची कीर्ती बघितली, मुलाला स्वयंपाक येतो का हे विचारायचं राहिलं.

राज्याच्या पातळीवरही एक दार उघडलं. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. रॉइटलिंगेन याच राज्यातलं. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक, स्वयंपाकी अशा कामांसाठी सुरुवातीला दहा हजार तरुणांना पाठवण्याचं बोलणं झालं, जर्मनचे वर्गही ठरले. इथे घोडं अडतं ते भाषेवर. पुण्यात जर्मन शिकवण्याची परंपरा जुनी आणि दांडगी, पण ती आहे डेक्कन आणि बोट क्लब रोडच्या परिसरातली. बीड-परभणीच्या नर्सिंग कॉलेजातल्या मुलीला 'बी-वन', 'बी-टू' पातळी गाठायची तर वर्षभर तरी रोज तास हवा, आणि तोही ड्यूटी सांभाळून. 'रुग्णाला कुशीवर वळवा', 'सलाइन संपत आलंय' हे जर्मनमध्ये म्हणता येणं, ही तिची खरी प्रात्यक्षिक परीक्षा. भाषा म्हणजे छंदवर्ग नव्हे, तिला कार्यशाळेइतकेच श्रेयांक आणि वेळापत्रकात तेवढीच जागा हवी. इंग्रजीत चालवून घेऊ म्हणणाऱ्यांनी नेदरलँड्सकडे बघावं. इंग्रजी अभ्यासक्रम काढून परदेशी मुलं भरमसाट घेतली, खोल्या पुरेनात, आणि २०२४ मध्ये तिथल्या सरकारला डच भाषेच्या बाजूने विधेयक आणावं लागलं.

जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी मुलांत आता भारतीय सर्वांत जास्त. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ते ४९ हजारांच्या वर होते. बाडेन-व्युर्टेमबेर्ग २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या मुलांकडून सत्राला दीड हजार युरो घेतं. तरी मुलं जातात, बँकेत वर्षाच्या खर्चाची रक्कम अडकवून. त्यांतली कितीतरी आपल्याच रोजगाराभिमुख कॉलेजांतून गेलेली. ती आमच्याकडे 'यशोगाथा' म्हणून भिंतीवर लागतात. त्यांना कोणी फोन करून विचारत नाही, की बाबा रे, आम्ही शिकवलेल्यातलं तिथे काय उपयोगी पडलं आणि काय फुकट गेलं.

माझ्या परीने मी एकच छोटा उद्योग केला. तिकडच्या एका प्राध्यापकाच्या वर्गाबरोबर आमच्या तिसऱ्या वर्षाचा संयुक्त प्रकल्प, ऑनलाइन. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. आमचा दुपारी दीडचा तास त्यांना आधी सकाळी दहाचा पडायचा, ऑक्टोबरअखेर घड्याळ बदललं की नऊचा. काम होतं एका पंपाच्या कव्हरचं डिझाइन. पहिल्या आठवड्यात आमची मुलं सगळ्याला 'यस सर' म्हणत होती आणि समोरची मुलं चक्रावली होती. चौथ्या आठवड्यात आमच्या एका मुलीने कॅमेऱ्यासमोर कव्हर धरून सांगितलं, 'तुमची भिंत दोन मिलिमीटर पातळ आहे, आमच्या फाउंड्रीत हे कास्टिंग होणारच नाही.' तिचे वडील कोल्हापुरात फाउंड्रीत कामाला. समोर बराच वेळ शांतता, मग त्यांनी ड्रॉइंग बदललं.

त्या प्रकल्पाचे श्रेयांक आमच्याकडे कसे धरायचे, म्हणून मी पुन्हा त्याच परीक्षा विभागात गेलो. युरोपात वर्षाचे साठ धरतात, आपल्या नव्या आराखड्यात चाळीस. त्यांच्या तिसाला आपले वीस. सोपं त्रैराशिक. खिडकीपलीकडच्या बाईंनी ऐकून घेतलं, जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदावर पट्टीने दोन रकाने आखले आणि डावीकडे विषयांची तिकडची नावं लिहायला सांगितली. उजवीकडे आपली नावं त्यांनी स्वतः लिहिली. 'हे अभ्यास मंडळाकडून सही करून आणा, म्हणजे पुढच्या पोराला त्रास नको,' म्हणाल्या. सही मिळायला सात महिने लागले. तो कागद आता त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे, देवीच्या फोटोच्या शेजारी.