मेंदूतील तार आणि मनावरचे मळभ

माणसाचे मन नेमके कोठे वसते, या प्रश्नाचा काथ्याकूट तत्त्ववेत्त्यांनी शतकानुशतके केला आहे. कॅनडातील टोरांटो शहरातील काही डॉक्टरांनी २००३ साली तो प्रश्न बाजूला ठेवला आणि त्याहून लहान, पण रुग्णाच्या दृष्टीने अधिक निकडीचा प्रश्न हाती घेतला. औषधे झाली, मानसोपचार झाले, विजेचे झटके देऊन झाले, तरीही ज्याची विषण्णता तसूभरही हलत नाही, अशा माणसाच्या मेंदूत कोठे बिघडलेले असते? आणि तेथवर हात पोचेल काय?

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हते. हेलन मेबर्ग या मज्जाविकारतज्ज्ञ, आंद्रेस लोझानो हे मेंदूचे शल्यविशारद आणि सिडनी केनेडी हे मनोविकारतज्ज्ञ. एरवी रुग्णालयाच्या तीन वेगवेगळ्या दालनांत बसणारी ही तीन शास्त्रे येथे एका टेबलाभोवती आली. मेबर्ग यांनी त्याआधीची अनेक वर्षे नैराश्यग्रस्तांच्या मेंदूच्या प्रतिमा घेण्यात घालविली होती. मेंदूच्या पुढील भागात, दोन्ही अर्धगोलांच्या आतल्या बाजूस, खोलवर एक चिमुकला प्रदेश आहे. ब्रॉडमन या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ साली मेंदूचा नकाशा तयार केला, तेव्हा त्याला पंचविसावा क्रमांक दिला होता. निरोगी माणूस दुःखद आठवणीत बुडाला की हा प्रदेश चेतत असे. नैराश्यातून माणूस बरा होऊ लागला की तो शांत होत असे. मग ज्यांच्यात तो आपणहून शांत होत नाही, त्यांच्यात तो विद्युत्प्रवाहाने शांत करता येईल काय, असा प्रश्न ओघानेच आला.

सहा रुग्णांवर प्रयोग झाला. मेंदूत दोन्ही बाजूंना केसासारख्या नव्हे, पण शेवईएवढ्या बारीक तारा सोडण्यात आल्या आणि हृदयाच्या पेसमेकरसारखे बॅटरीवर चालणारे यंत्र छातीच्या कातडीखाली बसविण्यात आले. तारा बसविताना रुग्ण जागे होते. प्रवाह सुरू होताच काहींनी आपणहून सांगितले की, आतली पोकळी एकाएकी नाहीशी झाली. काहींना खोलीतले रंग अधिक उजळ दिसू लागले. सहा महिन्यांनंतर सहांपैकी चौघांत सुधारणा टिकून होती. मार्च २००५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांचा गाजावाजा झाला.

जुन्या जखमेची आठवण

या गाजावाजात संशयाचा सूरही होता आणि तो अकारण नव्हता. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी १९३५ साली मनोरुग्णांच्या मेंदूतील तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया सुरू केली आणि १९४९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. पुढे अमेरिकेत हजारो माणसांवर ती झाली. त्यांपैकी अनेकांची तळमळ थांबली खरी, पण तळमळीबरोबर माणूसही हरपला. त्यांतील कितीजणांना 'तुमची संमती आहे काय' असे कोणी विचारले होते? १९५०च्या दशकात मनोविकारांवरील औषधे आली आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली. तिची धास्ती मात्र मागे राहिली.

नव्या उपचाराचे समर्थक एका मूलभूत फरकाकडे बोट दाखवितात. ग्रेनोबल येथील आलिम-लुई बेनाबिद यांना १९८७ साली असे आढळले की, मेंदूचा भाग नष्ट न करताही, द्रुतगती विद्युत्स्पंदनांनी हातापायांचा कंप थांबविता येतो. आज कंपवाताच्या असंख्य रुग्णांना या पद्धतीचा आधार आहे. येथे काही कापून टाकले जात नाही. प्रवाह कमी करता येतो, बंद करता येतो. हे खरे आहे. परंतु कवटीला छिद्र पाडावेच लागते, रक्तस्रावाचा आणि जंतुसंसर्गाचा धोका असतोच. बटण बंद करता येते, म्हणून निर्णय हलका होत नाही.

घाई आणि तिचे फळ

सहा रुग्णांवरून शास्त्र सिद्ध होत नाही. म्हणून अमेरिकेत एका यंत्रनिर्मात्या कंपनीच्या पुढाकाराने मोठी चाचणी झाली. नव्वद रुग्णांच्या मेंदूत तारा बसविण्यात आल्या. साठांचा प्रवाह सुरू ठेवला, तिसांचा बंद. कोणाचा सुरू, कोणाचा बंद, हे रुग्णांना सांगितलेले नव्हते. सहा महिन्यांनी हिशेब झाला तेव्हा प्रवाह मिळालेल्यांपैकी २० टक्के सुधारले होते आणि न मिळालेल्यांपैकी १७ टक्के. या फरकाला फरक म्हणता येत नाही. अखेरीस ही चाचणी २०१३ मध्ये थांबविण्यात आली.

वृत्तपत्रांच्या दृष्टीने येथे कहाणी संपली. वस्तुतः ती येथेच अधिक बोधप्रद होते. त्याच रुग्णांना पुढे प्रवाह चालू ठेवण्यात आला, तेव्हा दोन वर्षांअखेर जवळजवळ निम्म्यांत सुधारणा दिसली. अर्थात तोवर तुलनेसाठी कोणी उरले नव्हते, त्यामुळे या आकड्यावर निर्णायक निष्कर्ष उभारता येत नाही. तरीही त्यातून एक शक्यता पुढे आली: वर्षानुवर्षांचा आजार सहा महिन्यांच्या मुदतीत मोजणे, ही मोजपट्टीच कदाचित आखूड असावी. दुसरी गोष्ट संशोधकांच्या ध्यानी आली ती जागेविषयीची. नेम धरायचा तो एका ठिपक्यावर नव्हे, तर चार तंतुजाल जेथे एकत्र येतात त्या नाक्यावर. प्रत्येकाच्या मेंदूत हा नाका किंचित वेगळ्या ठिकाणी असतो. तो आधी शोधून मग तारा बसविल्या, तेव्हा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षअखेर अकरांपैकी नऊ रुग्ण सुधारले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशीच आधीच्या मोठ्या चाचणीची गत झाली असे म्हणावे लागेल.

सप्टेंबर २०२३ मध्ये मेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकले. प्रवाह देता देताच मेंदूचे विद्युत्संकेत टिपणारे यंत्र त्यांनी दहा रुग्णांत बसविले. चोवीस आठवड्यांत नऊजण सुधारले, सातजण आजारातून बाहेर आले. एका रुग्णाचे नैराश्य काही महिन्यांनी उलटले. पण रुग्णाला वा डॉक्टरांना त्याची चाहूल लागण्याच्या काही आठवडे आधीच त्याच्या मेंदूतील संकेत पालटले होते. आजवर मनोविकारतज्ज्ञाला रुग्णाच्या शब्दांवाचून दुसरे साधन नव्हते. ज्वर मोजायला तापमापी असते, तशी विषण्णता मोजण्याची काहीएक खूण हाती येण्याची ही सुरुवात असू शकते. मात्र दहा म्हणजे दहाच. नैराश्यावरील हा उपचार आजही प्रयोगावस्थेत आहे, हे विसरता कामा नये.

प्रयोग संपल्यावर काय?

या सर्व आकड्यांच्या आड एक साधा व्यावहारिक प्रश्न दडून राहतो. औषधाची चाचणी संपली की गोळी बंद होते. येथे चाचणी संपली तरी तार मेंदूतच असते. बॅटरी काही वर्षांनी संपते आणि ती बदलायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते. त्या यंत्राच्या आधाराने जो माणूस उठून कामाला लागला, मुलाबाळांत मिसळू लागला, त्याची बॅटरी कोणी बदलायची? वैद्यकीय संशोधनाविषयीचा हेलसिंकी जाहीरनामा सांगतो की, चाचणीनंतरच्या उपचाराची तरतूद चाचणी सुरू होण्यापूर्वीच झाली पाहिजे. कागदावर हे तत्त्व निर्विवाद आहे. ते पाळण्याचा भार कोणी उचलायचा, हा वाद मात्र मिटलेला नाही.

भारतालाही हा प्रश्न परका नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याविना विजेचे झटके देण्यास बंदी केली आहे. मनोविकारावरील शस्त्रक्रियेसाठी रुग्णाची माहितीपूर्वक संमती आणि संबंधित मंडळाची मान्यता या दोन्ही अटी घातल्या आहेत. कायदा योग्य आहे. पण खोल निराशेत बुडालेल्या माणसाची संमती म्हणजे काय, याचा विचार कायद्याच्या कलमाने संपत नाही. ज्याला जगण्याचाच कंटाळा आला आहे, तो धोका नीट तोलून 'हो' म्हणतो, की आता काहीही झाले तरी चालेल म्हणून 'हो' म्हणतो, हे सही घेणाऱ्याने थांबून पाहिले पाहिजे. तसेच, अशा माणसाला निर्णयच करता येत नाही असे गृहीत धरून त्याच्यापुढील दार लावून घेणे, हाही अन्यायच होय.

मोनिझ यांच्या काळात धाडस होते, संयम नव्हता. टोरांटोहून निघालेल्या या संशोधनाने वीस वर्षांत एक उत्साहाची लाट पाहिली, एक जाहीर अपयश पचविले आणि चूक कोठे झाली ते शोधून पुन्हा आरंभ केला. त्याचे खरे यश हेच आहे. मनावरचे मळभ विजेच्या तारेने कायमचे हटेल की नाही, हे काळ ठरवील. परंतु ज्याने आपले डोके शास्त्राच्या हवाली केले, त्या माणसाला प्रयोग संपल्यावर वाऱ्यावर सोडायचे नाही, एवढे तर आजच ठरविता येण्यासारखे आहे.