मर्यादित अंदाजपत्रकात दुसरी जुनी मोटार : एक विवेचन

प्रस्तावना :
जुनी मोटार बाळगणे हा धनिकांचाच छंद आहे, असा समज आपल्याकडे दृढ आहे. वस्तुतः प्रीमियर पद्मिनी किंवा हिंदुस्थान ॲम्बेसेडर यांसारख्या मोटारी सामान्य नोकरदारांच्या घरीही जपलेल्या आढळतात. अशा घरातील पहिली मोटार बहुधा वारशाने आलेली असते. दुसरी मात्र विचारपूर्वक घ्यावी लागते. प्रस्तुत लेखकाकडे वडिलांची १९८४ सालची पद्मिनी आहे. एका वृद्ध परिचितांनी आपली १९७८ सालची ॲम्बेसेडर, ती भंगारात जाऊ नये या एकाच इच्छेने, अत्यल्प किमतीत देऊ केली, हे या विवेचनाचे निमित्त होय.

किंमत व प्रत्यक्ष खर्च :
खरेदीची किंमत हा एकूण खर्चाचा लहानसा भाग असतो. पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटरचे आणि ॲम्बेसेडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन रचनेने साधे आहे. अनुभवी कारागीर ते उघडून पुन्हा उभे करू शकतो. खरा धोका पत्र्यात आहे. या दोन्ही मोटारींना स्वतंत्र चॅसी नाही, पत्र्याचा सांगाडा हाच त्यांचा आधार होय. त्यामुळे फ्लोअर, दाराखालचे पट्टे आणि स्प्रिंगांच्या बैठका गंजल्या, तर तो दोष केवळ दिसण्यापुरता राहत नाही. वरून लांबी भरून रंग दिला की गंज झाकला जातो. परंतु साधे लोहचुंबक फिरवले असता, जेथे ते चिकटत नाही तेथे पत्र्याऐवजी लांबी आहे हे कळते. विक्रेत्याच्या आश्वासनापेक्षा हे लोहचुंबक अधिक विश्वासार्ह, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

दुसरा प्रश्न सुट्या भागांचा. पद्मिनीचे भाग अनेक वर्षे स्वस्त व मुबलक मिळत, याचे कारण छंदिष्ट मंडळी नसून मुंबईच्या टॅक्सी होत्या. रोज धावणाऱ्या हजारो टॅक्सींमुळे भाग बनविणारे, विकणारे आणि बसविणारे असे तिघांचेही पोट चालत असे. पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले; शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे सेवेतून बाहेर पडली. ॲम्बेसेडरचे उत्पादनही २०१४ मध्ये बंद झाले. मागणीचा हा आधार गेल्यावर भागांचा साठा आटत जाणे अपरिहार्य आहे. म्हणूनच दुसरी मोटार त्याच जातीची असेल तर एकीचे भाग, हत्यारे आणि कारागीर दुसरीच्या उपयोगी पडतात. वेगळ्या जातीची असेल तर सारेच दुप्पट होते.

कायद्याची बाजू :
केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार मूळ स्वरूपात जतन केलेल्या, पन्नास वर्षांहून अधिक जुन्या खाजगी वाहनांनाच 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळते. तिचे शुल्क वीस हजार रुपये व मुदत दहा वर्षे असते. अशी मोटार नित्य वापरता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. १९७८ च्या ॲम्बेसेडरला पन्नास वर्षे २०२८ मध्ये पूर्ण होतात. तोपर्यंत, छंदिष्टांच्या भाषेत ती 'क्लासिक' असली तरी, कायद्याच्या दृष्टीने ती केवळ एक जुनी मोटार होय. तिची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी दहा हजार झाले. पर्यावरण कर व विमा वेगळाच.

उभ्या मोटारीचा खर्च :
नवशिका ग्राहक याचा हिशेब सहसा करीत नाही. न चालविलेल्या मोटारीची बॅटरी उतरते, ब्रेकची रबरे चिकटतात, टायर एकाच जागी दबतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषून घेते. टाकी गंजते आणि जुन्या रबरी नळ्या कमकुवत होतात. मोटार चालविणे हाच यावर उपाय. परंतु नोकरदाराला रविवार एकच मिळतो आणि तो दोन मोटारींत वाटावा लागतो.

अर्थशास्त्रात ज्यास संधी खर्च म्हणतात, तो येथे स्पष्ट दिसतो. पद्मिनीवर आजवर जे खर्च झाले ते बुडीत खर्च होत. त्यांचा या निर्णयाशी संबंध नाही. ॲम्बेसेडरवर जे खर्च होणार, त्या रकमेत पद्मिनीच्या रखडलेल्या फ्लोअरचे काम पूर्ण होऊ शकत होते, हा मात्र निर्णायक मुद्दा ठरला.

मोटार जवळजवळ फुकट देऊ करणाऱ्या वृद्धास नकार कळविणे अवघड गेले. चार महिन्यांनी ती मोटार, ज्यांच्याकडे आधीच एक ॲम्बेसेडर आहे अशा गृहस्थांकडे गेली. पद्मिनी सध्या पत्र्याच्या कामासाठी उभी आहे.