पडद्यावरचे चुकलेले डाव

भीतिदायक चित्रपट पाहताना तुम्हीही कधी तरी ओरडला असाल, "अरे, ते दार उघडू नकोस!" पडद्यावरचा माणूस मात्र नेमके तेच दार उघडतो. विज्ञानकथेवरील चित्रपटांत तर हे फार घडते. तिथली माणसे शास्त्रज्ञ असतात, अंतराळवीर असतात. मग ती अशी का वागतात? दार उघडले नाही, तर चित्रपट तिथेच संपेल. हे उत्तर खरे आहे, पण अर्धेच.

शत्रूशी किंवा संकटाशी सामना करताना ज्या युक्त्या योजतात, त्यांना मराठीत डावपेच म्हणतात. यातला 'पेच' तुमच्या ओळखीचा आहे. पतंगांचे पेच तुम्ही लढवलेच असतील. चांगल्या डावपेचाचे एक उदाहरण पनवेलजवळच आहे. एस.टी.ने पेणकडे जाताना कर्नाळा किल्ल्याचा सुळका दिसतो. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने हा किल्ला मुघलांकडून घेतला. त्या सैनिकांनी उघड्यावरून धाव घेतली नाही. मोर्चे बांधत, त्यांच्या आडोशाने ते पुढे सरकले. (इथे मोर्चा म्हणजे घोषणा देत निघालेली माणसे नव्हेत. उर्दूत लढाईच्या वर्णनात येतो तोच हा मोर्चा.) किल्ला हाती आला. पण प्रत्येक पाऊल असे जपून टाकणाऱ्या माणसांवर चित्रपट काढला, तर प्रेक्षक किती वेळ बसतील? कथेला चूक लागते. ती कोणी केली आणि का केली, हे पाहायला हवे.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'जुरासिक पार्क' घ्या. हा चित्रपट १९९३ मध्ये निघाला आणि पुढच्या वर्षी आपल्याकडे हिंदीतही आला. हॅमंड नावाचा श्रीमंत माणूस एका बेटावर डायनोसॉर निर्माण करतो. खर्चात कसूर केली नाही, असे तो पुन्हा पुन्हा सांगतो. पण संगणकाची सारी व्यवस्था त्याने नेड्री या एकाच माणसावर सोपवलेली असते, आणि पैशांवरून त्या दोघांचे पटत नाही. नेड्री डायनोसॉरचे भ्रूण चोरून विकायचे ठरवतो. त्यासाठी तो पहारा-यंत्रणा बंद करतो आणि तिच्याबरोबर कुंपणातली वीजही जाते. काही मिनिटांचे तर काम, असा त्याचा हिशेब असतो. नेमके त्याच रात्री वादळ येते, तो वाट चुकतो, त्याची गाडी अडकते आणि तो जिवाला मुकतो. इकडे टायरॅनोसॉरस कुंपणाबाहेर पडतो. त्या प्राण्याला दोष कसा देणार? वाट मोकळी झाली, तो बाहेर आला. नेड्री लोभी आहे आणि रागावलेलाही आहे; म्हणून त्याची चूक आपल्याला पटते.

दुसरी चूक दयेपोटी होते. रिडले स्कॉट यांच्या 'एलियन' (१९७९) या मोठ्यांसाठीच्या चित्रपटात एका अंतराळवीराच्या चेहऱ्याला परका जीव चिकटतो. त्याला यानात घेऊ नये, २४ तास वेगळे ठेवावे, असा नियम असतो. रिप्ली नियमावर अडून बसते. कप्तान म्हणतो, दार उघड. आपला माणूस मरेल. शेवटी तिसराच कोणी दार उघडतो. रिप्लीचे बरोबर होते, हे आपल्याला मागाहून कळते. त्या घडीला तुम्ही कोणाच्या बाजूने बोलला असता?

याच दिग्दर्शकाच्या 'प्रोमिथियस' (२०१२) मध्ये मात्र माझे मन रमत नाही. अनोळखी ग्रहावर हवा श्वास घेण्याजोगी आहे एवढे कळताच शास्त्रज्ञ शिरस्त्राणे काढतात. गुहेचा नकाशा ज्याच्या यंत्रांनी तयार होतो, तोच त्या गुहेत वाट चुकतो. एक जीवशास्त्रज्ञ तर सापासारख्या प्राण्याला मांजराच्या पिलासारखे चुचकारतो! तिथे लोभ नाही, दया नाही, घाईसुद्धा नाही. लेखकाला अपघात हवा होता, म्हणून माणूस मूर्ख झाला.

आपल्याकडच्या 'रोबोट'मध्ये (२०१०) मात्र चुकीला कारण आहे. शास्त्रज्ञ वशीकरण रागाच्या भरात चिट्टीला कुऱ्हाडीने तोडतो, आणि ते तुकडे कचऱ्याच्या ढिगावर जातात. दुष्ट बोहरा तेच तुकडे उचलतो आणि चिट्टीला पुन्हा उभा करतो. इतके मौल्यवान यंत्र कोणी असे टाकते का? शांत डोक्याने नाही टाकणार. पण संतापलेला माणूस पुढचा विचार करीत नाही, हे आपण घरीदारी पाहतोच.

आता तुम्हीच एक कथा लिहून पाहा. समजा, पावसाळ्यातल्या एका रात्री कर्नाळ्याच्या सुळक्याजवळ एक अनोळखी यान उतरले. पायथ्याशी वनरक्षक एकटाच आहे. सकाळपर्यंत थांबून मदत बोलवावी, हे त्याला ठाऊक आहे. तरीही विजेरी घेऊन तो वर निघतो. तो का निघाला, हे पहिल्या परिच्छेदातच येऊ द्या.