दोन हजार प्रेक्षकांचा चँपियन

1989 साली ब्रिटिश टीव्हीवर दुधाची एक जाहिरात लागायची. लिव्हरपूलचे शर्ट घातलेली दोन पोरं घरी येतात, एक दुधाचा ग्लास उचलतो आणि सांगतो की, दूध प्यायलं नाहीस तर मोठेपणी फार तर ॲक्रिंग्टन स्टॅन्लीकडून खेळशील, असं खुद्द इयन रश म्हणालाय. दुसरा विचारतो, हे कोण? पहिल्याचं उत्तर, तेच तर! रश हा त्या काळचा लिव्हरपूलचा गोलांचा धनी. जाहिरात तुफान चालली आणि लँकेशायरमधल्या एका गावच्या क्लबाचं नाव देशभर पोचलं, पण थट्टेचा विषय म्हणून. आजही पन्नाशीच्या इंग्रज माणसासमोर हे नाव काढा, तो तो संवाद लिव्हरपुली हेल काढून म्हणून दाखवेल.

हाच क्लब 2018 च्या एप्रिलमध्ये लीग टूचा विजेता झाला. ज्या स्पर्धेत कोव्हेंट्री, ल्यूटन, स्विंडन, नॉट्स काउंटी असे एके काळी वरच्या वर्गात वावरलेले क्लब होते, त्या स्पर्धेत हा पहिला आला. कोव्हेंट्रीच्या कपाटात 1987 चा एफए कप आहे, स्विंडन प्रीमियर लीगमध्ये एक वर्ष राहून आलेला, आणि स्टॅन्लीच्या घरच्या सामन्याला सरासरी दोन हजारसुद्धा माणूस जमत नव्हता.

इंग्लिश फुटबॉलचा जिना ठाऊक नसेल, तर या यशाची उंची कळायची नाही. वर प्रीमियर लीगचे 20 क्लब. त्याखाली चँपियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी 24. असे एकूण 92. स्टॅन्ली चौथ्या पायरीवर. तिथे प्रत्येक संघ 46 सामने खेळतो; पहिले तिघे थेट वर, पुढचे चौघे एका जागेसाठी आपसात झुंजतात आणि तळाचे दोघे या 92 मधून बाहेर. बाहेर म्हणजे टीव्हीचा पैसा आटला, पुरस्कर्ते पांगले. आपल्याकडे आयपीएलमध्ये तळाला गेलेला संघ पुढच्या वर्षी त्याच थाटात लिलावाला बसतो. इथे तळाला गेलेल्याचं घर फिरतं.

ॲक्रिंग्टन हे जेमतेम 35 हजार वस्तीचं गाव. एका अंगाला ब्लॅकबर्न, दुसऱ्या अंगाला बर्नली. दोन्ही हाकेच्या अंतरावर आणि दोन्ही कधी ना कधी इंग्लंडचे विजेते झालेले. म्हणजे गावातल्या पोराला फुटबॉलचं वेड लागलं की ते बसमध्ये बसून शेजारच्या गावी जाणार, हे ठरलेलंच. गावाची जुनी ओळख दोन गोष्टींची. एक इथली लालभडक, लोखंडासारखी टणक ‘नोरी’ वीट. दुसरी हॉवर्ड अँड बुलो यांचा ग्लोब वर्क्स कारखाना, सूतकताईची यंत्रं बनवणारा. लालबाग-परळच्या गिरण्यांत एके काळी जी यंत्रं धडधडत होती ती बहुतेक लँकेशायरच्याच कारखान्यांतून बोटीनं आलेली, आणि त्याच यंत्रांवर निघालेल्या आपल्या कापडानं पुढे लँकेशायरचं गिऱ्हाईक तोडलं. 1931 मध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी बहिष्कारानं बेकार झालेल्या कामगारांना भेटायला डार्वेनला आले होते. ते डार्वेन इथून काही मैलांवर. त्याआधीचा घाव तर कापडाच्या मंदीहून वाईट होता. 1 जुलै 1916 ला सोमच्या रणभूमीवर सेर गावापुढे ‘ॲक्रिंग्टन पाल्स’ ही एकाच परिसरातल्या मित्र-शेजाऱ्यांची पलटण खंदकातून बाहेर पडली आणि सुमारे 700 जणांपैकी 580 हून अधिक जण अर्ध्या तासात मेले, जायबंदी झाले किंवा नाहीसे झाले. अशा गावाला हरण्याची सवय असते, असं बाहेरचे लोक सहज म्हणून जातात. मला ते पटत नाही. त्याला हिशेबाची सवय असते.

फुटबॉलच्या बाबतीत मात्र हा हिशेब एकदा साफ चुकला. 1888 मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग निघाली तिच्या 12 संस्थापकांत ॲक्रिंग्टन नावाचा क्लब होता. तो पाच वर्षांत लीगमधून बाहेर पडला आणि लवकरच मिटला. स्टॅन्ली हा वेगळा क्लब, गावातल्या स्टॅन्ली रस्त्यावरच्या पोरांचा. 1921 मध्ये तो लीगमध्ये आला. 1950 च्या दशकात वॉल्टर गॅलब्रेथ या व्यवस्थापकानं स्कॉटलंडमधून इतके खेळाडू आणले, की एक वेळ अकराच्या अकरा स्कॉटिश मैदानात उतरले. संघ चांगला होता. वरच्या वर्गाच्या दाराशी तो पुन्हा पुन्हा गेला आणि माघारी आला, कारण त्या काळी त्या गटातून एकालाच बढती मिळायची.

मग 1958 मध्ये संचालकांना नवा स्टँड घ्यायची हुक्की आली. आल्डरशॉटला लष्करी कवायतींचे जलसे व्हायचे, तिथला एक वापरलेला स्टँड स्वस्तात, सुमारे दीड हजार पौंडांना, विकायला होता. घेतला. तो सोडवून, देशाच्या दक्षिण टोकाकडून लँकेशायरला आणून पील पार्क मैदानावर उभा करेपर्यंत खर्च कित्येक पटींनी वाढला. आणि स्टँड होता घोड्यांच्या कवायती दुरून बघण्यासाठी बांधलेला. फुटबॉल बघायला तो काही धड नव्हता. कर्ज चढत गेलं, प्रेक्षक घटत गेले. बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड सल्ला द्यायला आले आणि सल्ल्याअंती हातात उरलं ते राजीनाम्याचं पत्र. मार्च 1962 मध्ये ते लीगकडे गेलं. गावातून मदतीची आश्वासनं यायला लागल्यावर क्लबानं पत्र मागे मागितलं; लीगचे सचिव ॲलन हार्डेकर यांनी नकार दिला. हंगामातले 33 सामने झाले होते, त्यांचे निकालच नोंदवहीतून पुसले गेले. रिकाम्या जागी ऑक्सफर्ड युनायटेडला घेतलं. चार वर्षांनी स्टॅन्लीचा उरलासुरला कारभारही आटोपला.

1968 मध्ये गावातल्या लोकांनी त्याच नावानं क्लब पुन्हा काढला. पील पार्क हातचं गेलेलं, म्हणून क्राउन मैदानावर. तिथून लीगपर्यंत परत यायला 38 वर्षं लागली. 2006 मध्ये स्टॅन्ली वर आला आणि त्याच हंगामात लीगमधून खाली घसरणाऱ्यांत नाव होतं ऑक्सफर्ड युनायटेडचं. कादंबरीकारानं हे लिहिलं असतं तर संपादकानं ‘फारच जुळवून आणलंय’ म्हणून छाटलं असतं.

त्या परतीमागे जॉन कोलमन होता. लिव्हरपूलकडचा, पेशानं शिक्षक, लीगबाहेरच्या मैदानांवर शेकड्यांनी गोल मारलेला फॉरवर्ड. 1999 मध्ये तो व्यवस्थापक झाला आणि जिमी बेलला हाताशी धरून बसला. मध्ये दोन-अडीच वर्षं दुसरीकडे जाऊन 2014 मध्ये दोघे परतले. त्यांची रीत साधी: दुसऱ्यांनी सोडून दिलेला, पण पायात खेळ असलेला पोरगा हेरायचा, त्याला मोकळेपणानं खेळू द्यायचं, आणि तो मोठा झाला की त्याला जाऊ द्यायचं. छोट्या क्लबाला दुसरी रीत परवडतही नाही.

मालक अँडी होल्ट 2015 मध्ये आला. गावाजवळच त्याचा प्लॅस्टिकच्या डब्या-टोपल्यांचा कारखाना; त्यातल्या ‘वॅम’ डब्यांचं नाव मैदानालाही लागलं. क्लबावर देणी होती ती त्यानं आधी मिटवली. नंतर चाहत्यांपुढे जमाखर्च उघडा ठेवायला सुरुवात केली, गटारापासून गवतापर्यंत डागडुजी काढली आणि परिसरातल्या शाळकरी पोरांना क्लबाचे शर्ट फुकट वाटले. हा शर्टांचा उद्योग दिसायला भोळा आहे, पण तो खरा शहाणपणाचा. ब्लॅकबर्नच्या बसमध्ये चढण्याआधीच पोरगं आपलं करून घ्यायचं! बाकी ट्विटरवर प्रीमियर लीगच्या पैशाच्या उधळपट्टीवर तो मनसोक्त भांडायचा.

त्याचा एक किस्सा इंग्लंडभर झाला. बाहेरगावचा सामना जिंकला की होल्ट खेळाडूंच्या हाती 200 पौंड ठेवायचा, परतीच्या वाटेवर मॅकडोनाल्ड्समध्ये खाण्यासाठी. हे त्यानंच कौतुकानं जाहीर केलं. तर लीगच्या कचेरीनं विचारणा केली: करारात न नोंदलेला बोनस देता काय? एकेका खेळाडूसाठी कोट्यवधी पौंड मोजणाऱ्या देशात बर्गरच्या बिलाची चौकशी व्हावी, हे नियमाला धरून असेल, पण शोभेचं खचित नाही.

आता तो 2017-18 चा हंगाम. त्याला दोन वर्षांपूर्वीची एक ठसठस होती. 2016 मध्ये शेवटच्या दिवशी स्टॅन्लीला बढतीसाठी एक विजय हवा होता. स्टीव्हनेजशी सामना गोलशून्य सुटला. तिकडे ब्रिस्टल रोव्हर्सनं भरपाईच्या वेळात गोल मारला आणि दोघांचे गुण सारखे होऊन गोलफरकावर रोव्हर्स वर गेले. मग उरलेल्या एका जागेच्या झुंजीत, म्हणजे प्ले-ऑफमध्ये, विम्बल्डननं हरवलं. अशा घावानंतर छोटे संघ सहसा विस्कटतात, कारण चांगले खेळाडू लगेच उचलले जातात. इथेही काही गेले, आणि पुढचं वर्ष मधल्या गर्दीत गेलं.

2017-18 मध्येही कुणी स्टॅन्लीला वरच्या तिघांत धरलं नव्हतं. पगाराचं बजेट स्पर्धेतल्या सर्वांत लहानांपैकी. गोलमध्ये सहा फूट आठ इंचांचा ॲरन चॅपमन. बचावात अनुभवी मार्क ह्यूज, मधल्या फळीत कर्णधार शेमस कॉनीली. डाव्या बगलेला शॉन मॅककॉनव्हिल, उजव्या बगलेला जॉर्डन क्लार्क. पुढे वाऱ्यासारखा पळणारा केडन जॅक्सन आणि त्याच्या जोडीला बिली की. की उंचीनं किंवा वेगानं डोळ्यांत भरणारा नव्हे. पण चेंडू गोलसमोर सांडला की तिथे तो आधीच उभा असायचा. त्या हंगामात लीगमध्ये त्याचे 25 गोल झाले आणि लीग टूचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली.

पावसाळी शरद ऋतूपर्यंत संघ चांगला पण बेभरवशाचा होता. नव्या वर्षात मात्र गाडी अशी सुटली की मागे वळून पाहिलं नाही. जानेवारीपासून विजयांची माळ लागली आणि ल्यूटनसारखा गोलांचा पाऊस पाडणारा संघही मागे पडत गेला. या संघाचा खेळ बघण्यासारखा होता तो त्याच्या घाईमुळे. चेंडू मिळाला की दोन-तीन पासात बगलेला, तिथून आत, आणि आत दोघे आधीच धावत सुटलेले. चौथ्या वर्गात पाय घट्ट रोवून उंच चेंडू मारणारे संघ पुष्कळ. कोलमनच्या मास्तरकीनं या पोरांना चेंडू जमिनीवर ठेवायला शिकवलं होतं.

17 एप्रिल 2018, मंगळवारची रात्र. येओव्हिलविरुद्ध घरच्या मैदानावर विजय मिळाला की बढती पक्की. 2-0 नं जिंकले, दोन्ही गोल कीचे. शिट्टी वाजताच क्लेटन एंडच्या पायऱ्यांवरची माणसं कुंपण ओलांडून गवतावर. 1962 मध्ये पोरसवदा असलेले म्हातारेही त्यात होते. पुढे 28 एप्रिलला लिंकनला हरवून पहिला क्रमांकही निश्चित झाला. 46 सामने, 29 विजय, 93 गुण. दुसऱ्या आलेल्या ल्यूटनहून पाच जास्त.

बढतीचं बक्षीस काय, तर उन्हाळ्यात जॅक्सन इप्सविचला विकला गेला. तक्रार नाही, त्याच पैशावर क्लब चालतो. वरच्या वर्गात संडरलंड, पोर्ट्समथसारखे प्रचंड मैदानांचे क्लब या चिमुकल्या मैदानावर येऊ लागले आणि स्टॅन्ली तिथे पाच हंगाम टिकला. या पाच वर्षांचं मोल मला विजेतेपदाहून अधिक वाटतं. एक वर्ष नशिबानं साधतं. पाच वर्षं कमी पगारात, दर उन्हाळ्याला संघ नव्यानं बांधून तग धरणं हा कारभाराचा गुण.

बिली कीची गोष्ट वेगळी निघाली. जानेवारी 2020 मध्ये, वयाच्या 29 व्या वर्षी, तो खेळातून निवृत्त झाला. नैराश्य, चिंतेचा आजार आणि खाण्याशी जडलेला विकार आपण सोसतोय, हे त्यानं उघड सांगितलं. ज्या हंगामाला गाव डोक्यावर घेतं त्याच हंगामाचा नायक आतून किती पोखरलेला असू शकतो, हे गोलांच्या आकड्यांत दिसत नाही.

कारभार बिघडला की काय होतं, ते बरीत दिसलं. ॲक्रिंग्टनपासून फार दूर नसलेलं हे गाव. 1885 चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. स्टॅन्लीनंतर वर्षभरानं, 2019 मध्ये, तोही लीग टूमधून वर गेला, पण न झेपणाऱ्या खर्चावर. खेळाडूंचे पगार थकले, नवा मालक पैसा दाखवू शकला नाही आणि त्याच ऑगस्टमध्ये लीगनं बरीला बाहेर काढलं. गुणतक्त्यात दोन्ही बढत्या सारख्याच दिसतात. इंग्लिश लीगला ऐपतीबाहेर धावणाऱ्यांना वेळीच रोखता आलं नाही आणि ऐपतीत राहणाऱ्याला बर्गरचा हिशेब विचारता आला, हा दोष त्या व्यवस्थेच्या पदरात टाकावाच लागेल.

2023 मध्ये स्टॅन्ली पुन्हा लीग टूमध्ये घसरला. मार्च 2024 मध्ये होल्टनं कोलमनला निरोप दिला. सगळी कारकीर्द धरली तर दोन दशकांहून अधिक काळाचा संबंध. जॉन डूलन हा त्याचाच जुना सहकारी त्या जागी आला. जानेवारी 2025 मध्ये एफए कपात गाठ पडली ती नेमकी लिव्हरपूलशी, अँफील्डवर. 4-0 नं हरले. दुधाची आठवण सगळ्या वर्तमानपत्रांनी काढली, हे सांगायला नकोच.

मँचेस्टरला गेलेला मराठी माणूस ओल्ड ट्रॅफर्डच्या दारात फोटो काढून येतो, काढावाच. पण शनिवार मोकळा असेल तर मँचेस्टर व्हिक्टोरियावरून ॲक्रिंग्टनची गाडी पकडा. तासाभराचा प्रवास आहे. स्टेशनपासून मैदानापर्यंत चालत जाता येतं, शेजारीच क्राउन नावाचा पब आहे, आणि क्लेटन एंडला उभं राहिलात तर गोलरक्षक बचावपटूंना काय ओरडतो तेही ऐकू येईल. सामना बहुधा दुपारी तीनला सुरू होतो. छत्री घेऊन जा.