चोराच्या हाती नेमकं काय लागतं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो आणि सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा तर मोठमोठ्या लाकडी नंदींसाठी ओळखला जातो. पुण्या-हैदराबादला नोकरी करणारी पोरं त्या निमित्तानं गावी येतात. नागपूर-वर्धा मार्गावरच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. उतरताना मागून रेटा, खांद्यावर बॅग, एका हाताला लेकरू आणि मागच्या खिशात पाकीट. खिसेकापूला आणखी काय हवं? पूर्वी पाकीट मारलं की त्यातल्या नोटा जायच्या आणि विषय संपायचा. आता त्यात क्रेडिट कार्ड असतं. ते चोराच्या हाती पडलं की त्याला नेमकं काय मिळतं? हे शोधत गेलं की पाऊण मिलिमीटर जाडीच्या त्या प्लास्टिकमध्ये माणसानं केवढी बुद्धी ओतली आहे ते पाहून थक्क व्हायला होतं. शिवाय कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, तेही कळतं.

एकाच कार्डावर तीन पिढ्या शेजारी-शेजारी नांदतात. सगळ्यात साधी पिढी म्हणजे छापलेला क्रमांक. तोही दिसतो तितका साधा नाही. पहिला अंक 4 असेल तर कार्ड व्हिसाचं. सुरुवातीचे अंक बँक सांगतात. शेवटचा अंक मात्र कुणाचाच नसतो, तो आधीच्या सगळ्या अंकांवरून हिशेबानं काढलेला असतो. यंत्रांच्या चाचणीसाठी वापरला जाणारा 4111 1111 1111 1111 हा क्रमांक घ्या. उजवीकडून मोजत एकाआड एक अंक दुप्पट करा. डावीकडच्या 4 चे 8 होतात, सात एकांचे 14 आणि उरलेले आठ एक तसेच राहतात. बेरीज 30. दहानं भाग जातो, म्हणजे क्रमांक बरोबर. यातला कुठलाही एक अंक चुकवून पाहा, बेरीज बिघडलीच. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी ही युक्ती शोधली आणि 1960 मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. पण ही युक्ती चुका पकडते, चोर नाही. छापलेला क्रमांक, मुदतीची तारीख आणि मागचे तीन अंक एवढं ज्यानं फोटोत टिपलं, त्याला कार्ड चोरायचीही गरज नाही. भारतातल्या ऑनलाइन खरेदीला ओटीपी आडवा येतो, कारण 2009 पासून रिझर्व्ह बँकेनं ही दुसरी खातरजमा सक्तीची केली आहे. परदेशातल्या अनेक संकेतस्थळांवर मात्र तो विचारलाच जात नाही.

दुसरी पिढी म्हणजे मागची काळी पट्टी. ती जुन्या कॅसेटच्या फितीची सख्खी बहीण आहे. चुंबकीय कणांचा थर आणि त्यात नोंदवलेली माहिती. आयबीएमचे फॉरेस्ट पॅरी 1960 च्या सुमारास ही फीत प्लास्टिकवर चिकटवायला धडपडत होते. कुठल्याही डिंकानं फीत वाकडी व्हायची. त्या वेळी बायको कपड्यांना इस्त्री करत होती. ती म्हणाली, इस्त्रीनंच चिकटवून पाहा, आणि ती चिकटली, असं सांगतात. त्या इस्त्रीवर जगाचा व्यवहार अर्धं शतक चालला. पट्टीचा दोष एकच. तिला गुपित ठेवता येत नाही. कुणीही विचारलं, तरी ती तेच उत्तर जसंच्या तसं देते. एटीएमच्या तोंडाशी बसवलेला खोटा वाचक असो की ढाब्याच्या गल्ल्याखाली लपवलेलं छोटं यंत्र, पट्टी त्यातून एकदा सरकली की तिची हुबेहूब नक्कल तयार.

तिसरी पिढी ती सोनेरी चौकोनी चिप. ती म्हणजे बॅटरी नसलेला एक संगणक आहे. कार्ड यंत्रात खोचलं की त्या सोनेरी पट्ट्यांतून तिला वीज मिळते आणि ती जागी होते. यंत्र तिला रक्कम, तारीख आणि त्याच क्षणी बनवलेला एक यादृच्छिक आकडा सांगतं. चिपच्या पोटात एक गुप्त किल्ली असते. ती किल्ली वापरून चिप या सगळ्याचं गणित करते आणि फक्त उत्तर बाहेर देते. किल्ली कधीच बाहेर येत नाही. तिच्याजवळ व्यवहार मोजणारा एक आकडाही असतो, तो दर वेळी एकानं वाढतो. म्हणजे आज बुटीबोरीच्या पंपावर तुमच्या चिपनं दिलेलं उत्तर एखाद्यानं चोरून ऐकलं, तरी उद्या ते बाद. बँकेकडे त्याच किल्लीचा हिशेब असतो, ती उत्तर ताडून पाहते आणि मगच पैसे सोडते. आपण मात्र कार्ड खोचून बिलाच्या कागदाची वाट पाहत उभे असतो आणि दोन क्षणांत हे सगळं उरकलेलं असतं!

मला सगळ्यात जास्त भुरळ घालणारी गोष्ट याहून बारीक आहे. पडताळणीचा एक छोटा आकडा पट्टीत असतो, एक चिपमध्ये आणि एक मागे छापलेला, आणि तिन्ही मुद्दाम वेगवेगळे ठेवलेले असतात. चिपकडून मिळालेली माहिती पट्टीवर उतरवून नकली कार्ड बनवलं, तर बँकेला विसंगती दिसते. पट्टीतच आणखी एक खूण असते, 'या कार्डाला चिप आहे' असं सांगणारी. म्हणून दुकानदारानं कार्ड नुसतं ओढलं की यंत्र म्हणतं, चिप घाला. रिझर्व्ह बँकेनं 2018 संपेपर्यंत नुसत्या पट्टीची जुनी कार्डं बदलायला लावली, त्यामागे हेच होतं. मास्टरकार्डनं तर 2033 पर्यंत पट्टी पूर्णपणे काढून टाकायचं जाहीर केलं आहे.

मग चोराला पिन हवा. तो मिळवणंही सोपं नाही. एटीएमची ती थंडगार स्टीलची बटणं स्वतःच एक तिजोरी असतात. तुम्ही दाबलेले चार अंक तिथल्या तिथेच सांकेतिक होतात, एटीएमच्या आतल्या संगणकालाही ते मूळ रूपात दिसत नाहीत. बटणांचा तो संच कुणी उचकटू लागलं, तर तो आपल्या किल्ल्या पुसून टाकतो. इतका बंदोबस्त झाल्यावर चोराला वाट उरते ती माणसाच्या डोळ्याची नाहीतर वर चिकटवलेल्या बारीक कॅमेऱ्याची. म्हणून पिन दाबताना दुसऱ्या हाताच्या पंज्यानं बटणं झाकणं हा भित्रेपणा नाही. एवढ्या मोठ्या यंत्रणेनं जी एक फट आपल्यावर सोपवली आहे, ती बुजवण्याचा तोच उपाय आहे.

तरीही 11 ऑगस्ट 2018 हा शनिवार महाराष्ट्रानं पाहिला. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या कार्डांच्या नकला घेऊन माणसं 28 देशांतल्या एटीएमसमोर उभी राहिली आणि काही तासांत बारा हजारांच्या आसपास व्यवहारांतून सुमारे 78 कोटी रुपये निघाले. देशातही पैसे काढले गेले, अगदी आपल्या कोल्हापुरातसुद्धा. सोमवारी हाँगकाँगला परस्पर पाठवलेली रक्कम धरली तर आकडा 94 कोटींच्या वर गेला. इथं चोरांनी प्रवाशांची पाकिटं मारली नव्हती. एटीएमच्या प्रश्नांना बँकेच्या वतीनं उत्तर देणाऱ्या यंत्रणेच्या जागी त्यांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली होती आणि ती प्रत्येक मागणीला 'द्या' म्हणत होती. नकली कार्डांची पडताळणी करायला खरी बँक तिथं नव्हतीच. ग्राहकांच्या खात्यांतून मात्र एक रुपयाही वजा झाला नाही, नुकसान बँकेनं सोसलं. 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयानं या प्रकरणात अकरा जणांना दोषी ठरवलं.

आपल्या हातात मात्र एक फार मोठी गोष्ट आलेली आहे आणि ती वापरणारे कमी दिसतात, याचं मला वाईट वाटतं. 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेनं कार्डाला खटके लावायला लावले. परदेशी व्यवहार, ऑनलाइन व्यवहार, नुसतं टेकवून पैसे देणं, यांतलं प्रत्येक बँकेच्या ॲपमधून चालू-बंद करता येतं, मर्यादा ठरवता येते. सिंदीहून पुण्याला निघालेल्या माणसाच्या कार्डाला परदेशी व्यवहार कशाला चालू हवेत? ते बंद असले, की फोटोत टिपलेला क्रमांक परदेशी संकेतस्थळावर चालत नाही आणि पट्टीची नक्कल परदेशातल्या एटीएमसमोर मुकी होते. टेकवून 5,000 रुपयांपर्यंत पिनशिवाय जातात, तेव्हा गर्दीच्या प्रवासात तेवढा खटका बंद ठेवावा. खिशाला यंत्र लावून पैसे उडवण्याची भीती फार पसरली आहे. पण कार्ड टेकवून पैसे देताना वापरल्या जाणाऱ्या लहरी जेमतेम काही सेंटिमीटर पोचतात आणि पैसे जातात ते नोंदणी केलेल्या दुकानदाराच्या खात्यात, म्हणजे माग राहतो. चोरलेलं कार्डच दुकानात टेकवलं जाण्याचा धोका त्याहून कितीतरी खरा.

खरा घात होतो तो कार्ड मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवण्यानं. कार्ड आणि ओटीपी येणारा फोन एकदमच जातात, आणि फोन कुलूपबंद असला तरी ओटीपी पडद्यावर झळकतो. कुलूपबंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसू न देण्याची सोय प्रत्येक फोनमध्ये असते, ती लावा. सिमलाही वेगळा पिन लावता येतो. नाहीतर सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून चोर तुमचे ओटीपी निवांत वाचेल. दुसरं कार्ड पाकिटात नको, बॅगेच्या आतल्या कप्प्यात. बँकेचा कार्ड बंद करायचा नंबर कागदावर लिहून तोही तिथंच ठेवा.

आणि पाकीट गेलंच, तर शेजारच्या प्रवाशाचा फोन मागा. आधी कार्ड बंद करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन लावा. तक्रार कुठल्याही लोहमार्ग पोलीस ठाण्यात देता येते. चोरी वर्ध्याच्या अलीकडे झाली की पलीकडे, हा वाद ते घालू शकत नाहीत, नव्या फौजदारी कायद्यानं शून्य क्रमांकाच्या गुन्ह्याची तरतूद आता कलमातच केली आहे. रिझर्व्ह बँकेनं जुलै 2017 मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार चूक तुमची नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर एका रुपयाचाही बोजा येत नाही. सातव्या दिवसापर्यंत मर्यादित बोजा, पुढे बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं ती रक्कम तात्पुरती तुमच्या खात्यात जमा करायची असते आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा असतो. बँकेच्या खिडकीवर 'बघू' असं उत्तर मिळालं, तर रिझर्व्ह बँकेचा हा नियम पुढे ठेवा.